गावासाठी हिवाळ्यातला एक नवा सण मांडायचाय, दिवस कोणता धरू?

बोरीकाठची (अमळनेर तालुका)

मंडळी, राम राम. मी शिवणकाम करते. अमळनेरच्या खाली बोरी नदीच्या काठी आमचं गाव, साडेतीनशे उंबरे असतील. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश हे बारमाही काम, आणि दसरा गेला की गोधड्या. यंदा आतापर्यंत अकरा झाल्या.

गावात एक नवा सण सुरू करायचं माझ्या मनात आहे. जुना सण वाढवायचा नाही, नवाच मांडायचा. कारण सांगते, म्हणजे सल्ला देताना तुम्हाला सोपं जाईल.

माझ्या सासूबाईंना जात्यावरची आणि आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) पुष्कळ गाणी येत. त्यातलं एक फार लांब होतं. सासरहून बैलगाडीत माहेरी निघालेली लेक वाटेतलं एकेक गाव सांगत जाते आणि प्रत्येक गावाकडे काहीतरी मागते. एका गावाला बांगड्या, पुढच्याला घोटभर पाणी, तिसऱ्याला निंबाची सावली. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या गावी बायकांचा मेळावा होता, तिथे त्यांना गायला बोलावलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. ठेवणीतलं लुगडं नेसून गेल्या. दुसरं गाव संपत आलं आणि पाहुणे आले. माइक हातातून घेतला. सत्कार झाले, भाषणं झाली, जेवणं झाली, त्यांना कोणी परत बोलावलं नाही. येताना रिक्षात त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

गेल्या चैत्रात त्या वारल्या. मला त्या गाण्यातली तीनच गावं येतात. अठ्ठावीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून धावदोरा घातला, पण एक ओळ लिहून घेतली नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्या गात, आणि सोपानदेव व घरातले लोक कागदावर उतरवून ठेवत. त्या १९५१ साली ३ डिसेंबरला गेल्या आणि पुढच्या वर्षी गाणी छापून आली. त्यांच्या घरात उतरवून घेणारं माणूस होतं. आमच्या घरात मी होते, मला चांगलं लिहिता येतं, आणि तरी राहून गेलं. हे मला रात्री झोपू देत नाही.

म्हणून असा एक दिवस हवा, की ज्या दिवशी गावातला प्रत्येक माणूस वर्षभरात आपल्या हातानं किंवा गळ्यानं केलेलं काहीतरी घेऊन येईल. गोधडी, खाट विणलेली, वखराला बसवलेला नवा दांडा, पोरानं काढलेलं चित्र, ओवी, काहीही. आमच्या खळ्यात सगळे बसू. मधोमध एक गोधडी अंथरलेली असेल, प्रत्येक घरानं हातभर जुनं कापड आणायचं आणि प्रत्येकानं, पुरुषांनीसुद्धा, एक ओळ तरी टाका घालायचा. एक जण वही घेऊन बसेल आणि म्हाताऱ्या माणसांकडून जे येईल ते लिहून घेईल. संध्याकाळी भरीत आणि कळण्याच्या भाकरी. वर्गणी नाही, मंच नाही, माइक नाही, पाहुणा नाही. जो येईल तो काहीतरी केलेलंच घेऊन येईल.

आता अडचणी. भरीत पार्ट्या आपल्याकडे सगळा हिवाळा चालतात, पण त्या ज्याच्या त्याच्या गोताच्या, आणि मळ्यात, म्हणजे बाया कमीच. आमच्या शिवारात कापूस वेचायला सातपुड्यातून पावरा कुटुंबं येतात, चार महिने पत्र्याच्या खोल्यांत राहतात, गावात फक्त दुकानापुरती येतात. त्यांना बोलवायचंच आहे, पण कसं बोलवावं कळत नाही. आमच्या गल्लीत पिंजारी चाचा आहेत, त्यांच्याशिवाय गावात गादी भरली जात नाही, तेही आमच्यासोबत बसले पाहिजेत. म्हणून सण कोणत्या देवाच्या तिथीला बांधायला मी कचरते.

माझ्या मनात ३ डिसेंबर होता. बरोबर आहे का? आणि नाव काय ठेवावं?

तापीकाठ (चोपडा)

ताई, कल्पना मनापासून आवडली, पण ३ डिसेंबर धरू नका. मी शेतकरी आहे, शेताकडून सांगतो.

तेव्हा वेचणी जोरात असते. हातातलं काम सोडून कोणी येणार नाही, आणि मजूर तर नाहीच, त्यांचा रोज किलोवर असतो. दुसरं, गव्हाला आणि हरभऱ्याला पाणी चालू असतं. ज्या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची असते त्या आठवड्यात आम्ही रात्री बाऱ्याला असतो आणि दिवसा झोपेला. तुम्ही खळ्यात कितीही चांगलं मांडा, पुरुष माणूस दिसणार नाही आणि तुम्हाला वाटेल की त्यांना नकोच आहे. तसं नसतं. थंडीत दहाच्या खाली पारा असताना गुडघाभर गारठ्यात उभं राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी बसू शकत नाही.

तिसरं, भरीत. काड्या कुठून आणाल? भरीताला कपाशीच्या काड्यांचाच जाळ पाहिजे, झटकन पेटतो आणि वांग्याला धुराची चव देतो. डिसेंबरच्या सुरुवातीला यंदाची कपाशी शेतात उभी असते. बोंडअळीमुळे फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणीनंतर पाणी देऊन कपाशी पुढे ठेवू नका, डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, असं कृषी खातं दर वर्षी सांगतं. म्हणजे महिन्याच्या शेवटी उपटणी सुरू होते, काड्याही येतात आणि हातही थोडे मोकळे होतात. तेव्हाचा, दिवसाची लाईट असलेला आठवडा पकडा. आणि त्यातही तुमच्याकडे बाजाराचा जो दिवस असेल तो. बाजाराच्या दिवशी मजुराला सुट्टी असते, त्याचा रोज बुडत नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं.

वांगी शंभर माणसाला पंचवीस किलो धरा. हिरवी, मोठी, भरताचीच घ्या, बामणोदकडून आणली तर उत्तम. माझ्याकडेही या वर्षी दोन ओळी आहेत.

खिरोदा_रोड

नवा सण कशाला, आपली कानबाई आहे ना? अख्खं गाव नाचतं, बाया गातात. तीच मोठी करा. नव्याला लोक दोन वर्षं येतात, मग विसरतात.

बोरीकाठची (अमळनेर तालुका)

भाऊ, कानबाई मला प्राणाहून प्यारी आहे. पण रोट, म्हणजे तिचा प्रसाद, आपण भाऊबंदांतच खातो, बाहेर देत नाही. ती त्या सणाची रीत आहे आणि ती तशीच राहावी असं मला वाटतं. मला अशी पंगत हवी की जिच्यात कोणाला विचारावं लागणार नाही की मी चालतो का. आणि कानबाई श्रावणात येते. पौष-मार्गशीर्षात, दिवस मावळला की आमच्या गावात सात वाजता दारं लागतात.

चोपड्याच्या दादा, लाईटचं आणि बाजाराचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझे मालक वाचून म्हणाले, हा माणूस खरा शेतकरी आहे.

फैजपूरचा नातू

ताई, तुमच्या मनात जे आहे ते आमच्या गावानं एकदा मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे, म्हणून लिहितो. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. गांधीजींचा आग्रह होता की शहरातला मांडव आणि शहरातली सजावट खेड्यात आणायची नाही, खेड्यात जे आहे त्यातूनच उभं करायचं. त्यासाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले. बांबू, चटया, गवत, गावच्या सुताराचं आणि बुरुडाचं काम, यातून टिळकनगर उभं राहिलं. नेहरूंना बैलांच्या रथातून आणलं.

माझे आजोबा तेव्हा चौदा वर्षांचे होते, ते बांबू वाहायला होते. म्हातारपणी त्यांना भाषणं काही आठवत नसत. कोणत्या दाराची कमान कशी बांधली होती, गाठ कशी मारली होती, हे मात्र ते काथ्या हातात घेऊन करून दाखवत. एवढे मोठमोठे पुढारी डोळ्यांनी पाहिलेला माणूस, पण आयुष्यभर अभिमान कशाचा, तर ती कमान आपण बांधली याचा.

म्हणून माझी एक विनंती. खळं सजवायला बाजारातून काहीही आणू नका. आदल्या दिवशी पोरांच्या हातात काड्या, सुतळी आणि केळीची सोपटं द्या. कमान वाकडी झाली तरी चालेल, पण ती मुलांनीच बांधलेली असू द्या.

धुळेकर_परतलेली

मी आठ वर्षं अमेरिकेत अटलांटा शहरात होते. तिथे माझ्या मुलीच्या वाचनालयात डिसेंबरच्या शेवटी एक सण व्हायचा, क्वान्झा. तो कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांचा आहे. १९६६ साली मौलाना करेंगा यांनी तो सुरू केला, ते पुढे प्राध्यापक झाले. त्याच्या आदल्या वर्षी लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात मोठी दंगल झाली होती, माणसं मेली, वस्ती जळाली. त्यानंतर आपल्या लोकांना एकत्र बसायला स्वतःचं निमित्त हवं म्हणून त्यांनी आफ्रिकेतल्या सुगीच्या सणांवरून हा बांधला. नाव स्वाहिली भाषेतलं, ‘पहिली फळं’ या अर्थाच्या शब्दांवरून. २६ डिसेंबर ते १ जानेवारी, सात दिवस, सात मेणबत्त्या, रोज एक तत्त्व. सहावा दिवस, ३१ डिसेंबर, ‘कुऊंबा’ म्हणजे नवनिर्मितीचा. त्याचा अर्थ असा सांगतात की वस्ती आपल्याला जशी मिळाली त्याहून सुंदर करून पुढच्यांच्या हाती द्यायची. मुलांना भेट द्यायची ती पुस्तकाची किंवा घरी केलेल्या वस्तूची.

तो त्यांचा सण आहे, त्यांच्या दुःखातून आलेला, आपण त्याची नक्कल करू नये. पण कोणीतरी ठरवून मांडलेला सण लोक मनापासून धरतात, हे मी पाहिलं आहे. वर ज्यांनी लिहिलं की नवा सण टिकत नाही, त्यांना एवढंच सांगते की आपल्या सार्वजनिक गणपतीलासुद्धा १८९३ च्या सुमारास लोक नवाच म्हणत असतील.

मला तिथली एक गोष्ट फार भावली होती. त्या सात दिवसांत भेटल्यावर ‘काय खबर?’ असं स्वाहिलीत विचारतात आणि समोरच्यानं त्या दिवसाचं तत्त्व सांगायचं. तुमच्या सणालाही असा एक सवाल असू द्या. दारात भेटल्यावर ‘जेवण झालं का’ ऐवजी आपल्या अहिराणीत विचारायचं, ‘औंदा काय बनाडं?’, म्हणजे यंदा काय बनवलं? ज्याच्याकडे काही नसेल तो पुढच्या वर्षासाठी ठरवेल. माझी मुलगी सहा वर्षांची असताना नोव्हेंबरपासूनच विचारायला लागायची की मी काय बनवू.

शिरपूर_मास्तर

मी शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याच्या जिल्हा परिषद शाळेत आहे. माझ्या वर्गातली निम्मी मुलं पावरा आहेत आणि कापसाच्या दिवसांत त्यातली काही आईबापांबरोबर खाली तुमच्याकडे येतात. म्हणजे ताई, तुमच्या शिवारातल्या पत्र्याच्या खोलीत कदाचित माझा विद्यार्थी असेल.

त्यांना बोलवा, पण कृपा करून ‘तुमचं नृत्य दाखवा’ म्हणून बोलवू नका. ते सगळेच करतात. होळीच्या आधी आमच्याकडे भोंगऱ्याचे बाजार भरतात, लोक नटून येतात, ढोल आणतात, गूळ-डाळ्या-हार घेतात. ते कोणाला दाखवण्यासाठी नसतं. बाहेरचे लोक कॅमेरे घेऊन येतात आणि तिथे लग्नं जुळवायचा बाजार असतो असं भलतंच छापतात, त्याचा या लोकांना फार त्रास झाला आहे. पाहणारे एकीकडे आणि नाचणारे एकीकडे अशी ओळ पडली की संपलं.

तुम्ही स्वतः खोलीवर जा. शेतमालकाच्या हाती निरोप पाठवू नका, त्याचा निरोप म्हणजे हुकूम होतो. बाईमाणूस आहात, तुम्ही घरातल्या बाईशी बोला. त्यांच्याकडेही जुन्या साड्या असतातच, त्यांच्या कापडाचा तुकडा गोधडीत सर्वांच्या बरोबर मधे लागू द्या. मराठी सगळ्यांना येईलच असं नाही, पण शाळेत जाणारं पोर दोन्हीकडचं सांगतं. त्या पोराला त्या दिवशी वहीपाशी बसवा. पावरी गाणंसुद्धा देवनागरीत उतरवता येतं, मी वर्गात करून घेतो. माझ्याकडे अशा तीन वह्या भरल्या आहेत.

आणि मजूर माणसाकडे दाखवायला वस्तू नसेल. चार महिन्यांच्या बिऱ्हाडात कोण काय बनवणार? तेव्हा ‘काहीतरी घेऊनच या’ ही अट त्यांना सांगू नका. ते तिथे येऊन करतील. एका बापाच्या हातात बांबूची कांब द्या आणि बघा, बोलता बोलता टोपली होते.

चाळीसगाव_स्टेशन

एक छोटी सूचना. सगळ्यांना गर्दीत बसून करता येत नाही. आमच्या चाळीसगावचे केकी मूस आयुष्यातली जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर पडले नाहीत, आणि त्या घरात टेबलावर चिंध्या, काड्या, पीठमाती मांडून त्यांनी अशी दृश्यं उभी केली आणि त्यांचे फोटो काढले की जगभर बक्षिसं मिळाली. १९८९ च्या ३१ डिसेंबरला ते गेले, पण घर अजून तसंच जपलेलं आहे. तुमच्या गावातही एखादा गप्प माणूस असेल. त्याच्यासाठी खळ्याच्या दारात एक बाज टाकून ठेवा, ज्याला फक्त वस्तू ठेवून जायचं असेल त्यानं ठेवून जावं, नाव नको, विचारपूस नको.

पारोळ्याची लेक

अक्का, बाकीच्यांनी सणाचं सांगितलं, मी गाण्याचं सांगते. तुमचं लिहिलेलं माझ्या मावशीला वाचून दाखवलं. ती चौऱ्याऐंशीची आहे. ऐकताच तिनं तेच गाणं धरलं! पण तिच्या गाण्यात बांगड्या दुसऱ्याच गावाला मागितल्या होत्या आणि निंबाची सावली नव्हतीच, विहिरीवरचा दोर होता. मी म्हटलं, मावशी, हे चुकतंय. ती म्हणाली, चुकत काही नाही, जिचं माहेर जिकडे तिची गावं तिकडची. गाण्याचं चाक तेवढं एक, वाट प्रत्येकीनं आपली घालायची. सासूबाईंनीसुद्धा ती गावं कोणाकडून पाठ केलेली नसणार, लग्नानंतर स्वतःच्या वाटेची घातली असणार.

म्हणजे अक्का, त्यांची पुढची गावं तुम्हाला येत नाहीत याचं दुःख आहेच, पण तुम्ही तुमची घातलीत का कधी? मावशीनं विचारायला सांगितलं आहे. चाल मी रेकॉर्ड करून ठेवली आहे, येताना आणते.

बोरीकाठची (अमळनेर तालुका)

चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण खरंच फिरत होते.

मास्तर सर, पत्र्याच्या खोल्यांवर गेले. पाच कुटुंबं आहेत. पहिल्या दिवशी बायका नुसत्या ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी मी गोधडी आणि सुई घेऊनच गेले, तिथेच बसले आणि शिवू लागले. एकीनं न बोलता दुसऱ्या टोकाकडून टाका धरला. तिचा टाका माझ्याहून बारीक आहे. त्यांच्यातली एक मुलगी चौथीत आहे, ती वहीपाशी बसायला तयार झाली. तुमची शाळा विचारली, पण ती दुसऱ्या गावची निघाली.

दिवस ठरला: डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात दिवसाची लाईट असलेला आठवडा, आणि त्यातला बाजाराचा वार. तारीख दर वर्षी बदलेल, ते मला चालतं. दिवाळीही बदलतेच. चोपड्याच्या दादांची वांगी मी मोलानं घेणार, फुकट नाही. कमानीचं काम सातवीच्या मुलांनी घेतलं आहे आणि त्यांची आत्ताच दोन गटांत भांडणं चालू आहेत की कमान गोल करायची की टोकाची. दारात बाज ठेवणार. गावात असा एक माणूस मला माहीत आहे.

पहिली गोधडी पत्र्याच्या खोलीतल्या तान्ह्या बाळाला द्यायची, हे ठरलं. दीड महिन्याचं आहे. चाचांनी पिंजण पुसून काढलं आणि म्हणाले, बाळाची असेल तर आत थोडा नवा कापूस मी घालतो, चिंध्यांनी अंग टोचेल. नावाचं अजून जमत नाही. चाचा म्हणतात ‘टाका’ म्हणा. माझे मालक म्हणतात ‘औंदा काय बनाडं’ हेच नाव असू द्या. दोन्ही वहीत लिहून ठेवलं आहे.

आणि पारोळ्याच्या ताई, मावशींना माझा नमस्कार सांगा. तो प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. मी गावं घातली. माझं माहेर तामसवाडी, म्हणजे बोरीच्या काठानं उलटं वर जायचं. अमळनेरला मी पांढऱ्या दोऱ्याची रिळं मागितली. मग बहादरपूर. तिथल्या नीलिमा मिश्रांना २०११ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यांच्या बचत गटाच्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या परदेशात गेल्या. म्हणून बहादरपूरला मी पांघरूण मागितलं, ते लगेच चालीत बसलं. तामसवाडीला धरणाची भिंत दिसायला लागते आणि गाडी तिथे थांबली आहे. माहेरच्या दारात काय मागावं ते सुचत नाही, आई आता नाही. मावशींच्या गाण्यात शेवटच्या गावाला काय मागतात तेवढं त्यांना विचारून लिहा. दुसऱ्या कोणाला सुचलं तर तेही लिहा, वहीत नाव घालून उतरवते.